गेटवर घेतलेलं नाव

प्रिय लेका,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. पहिल्यात मी नुसती भांडत होते, दुसऱ्यात रडत होते, आणि तिसरं तर युनियनच्या निवेदनासारखं झालं, 'सबब विनंती की' पर्यंत मजल गेली होती. आता चौथ्याला बसले आहे तर बूड टेकत नाही. दोन ओळी लिहिते आणि उठते. ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. खिडकीची कडी महिनाभर खुळखुळत होती, ती आत्ता मला घट्ट करावीशी वाटली. अकरा आठवडे आपण बोललेलो नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच काहीतरी बोलशील आणि मी लगेच माझी बाजू मांडायला लागेन. मला तू ओळखतोस, माझ्या तोंडाला ब्रेक नाही. कागद उलट बोलत नाही, आणि मी लिहिलेलं मलाच पुन्हा वाचायला लावतो.

तू तो व्हिडिओ पाहिलास. दीड मिनिटाचा. त्यात मी हॉस्पिटलच्या गेटवर भोंगा घेऊन उभी आहे आणि तुझ्या मावशीच्या नावानं, म्हणजे तिच्या नसलेल्या नावानं, ओरडते आहे. तेवढं तुला ठाऊक आहे. पण दीड मिनिटाच्या आधी नऊ वर्षं होती आणि नंतरही बरंच काही झालं. ते मला सांगायचंय. सफाई द्यायला नव्हे. बरं, थोडी सफाईसुद्धा. खोटं कशाला बोलू?

ती हॉस्पिटलमधल्या आमच्या लाँड्रीत आली तेव्हा फिटर होती. धुण्याचे ते मोठे ड्रम, वाफेचे पाइप, चादरी इस्त्री करणारा लांबलचक रूळ, सगळं तिच्या हाताखाली. तेव्हा जग तिला पुरुष समजायचं आणि तीही तसंच वागायची, मान खाली घालून. माणसं कमी पडली की ती पाने-पक्कड बाजूला ठेवून चादरींच्या घड्या घालायला माझ्यासमोर उभी राहायची. एका चादरीला दोन माणसं लागतात, हे तू लहानपणी पाहिलंयस. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, दुमडायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. दिवसाला तीनशे वेळा तुम्ही एका माणसाच्या इतक्या जवळ जाता की त्याचा श्वास ओळखीचा होतो. तशाच एका दुपारी, टोकं माझ्या हातात देताना, आपण बाई आहोत हे तिनं मला सांगितलं. एका दमात. आणि स्वतः निवडलेलं नाव सांगून म्हणाली, "ताई, सोमवारपासून मला या नावानं हाक मारशील? तू मारलीस तर बाकीच्या मारतील."

मी मारली. पहिल्या दिवशी बायका फिदीफिदी हसल्या. आमची फौजदारीण, तुला आठवत असेल, मळक्या कपड्यांची गाठोडी मोजणारी, जिच्या आवाजानं रूळ बंद पडतो असं आम्ही म्हणायचो, ती म्हणाली, "आम्हाला नाही बाई जमायचं या वयात." मी म्हटलं, "नाव काय गाठोडं आहे का, उचलायला जड जायला?" दोन महिन्यांत सगळ्यांच्या तोंडी बसलं. फौजदारिणीच्या तर इतकं की जुनं कोणी चुकून घेतलं तर तीच खेकसायची.

आणि मग तू. सतरा वर्षांचा. याच स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ लावून उभा होतास आणि म्हणालास, "आई, मी मुलगी नाहीये. कधीच नव्हतो." मी शांत राहिले असं तू सगळ्यांना सांगतोस. अरे, मी शांत नव्हते, माझी बोबडी वळली होती. मी गॅस बंद केला, बाहेर जिन्यात गेले आणि तिला फोन लावला. ती तासाभरात आली, अंगावर कामाचेच कपडे. माझ्याशी दोन शब्द बोलली असेल नसेल, तुझ्यासमोर जाऊन बसली आणि तुला पहिला प्रश्न विचारला, "नाव ठरलंय का?" तू सांगितलंस. तिनं ते तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, शर्ट अंगाला लावून पाहावा तसं, आणि म्हणाली, "छान बसतंय." तुझा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. शाळेतल्या मुख्याध्यापिकेकडे तुझ्यासोबत मी गेले खरी, पण काय बोलायचं हे तिनं मला पाठ करून घेतलं होतं. त्या दिवसापासून ती तुझी मावशी. रक्ताची असती तरी यापेक्षा काय वेगळं केलं असतं!

हे सगळं मला माहीत होतं, लेका. गेटवर उभी असतानाही माहीत होतं. म्हणून तर मला चैन पडत नाही. ज्याला माहीत नसतं तो चुकतो, त्याला चूक म्हणतात. मी जे केलं त्याला काय म्हणायचं?

ती सुपरवायझर झाली तेव्हा आम्ही तिला हार घातला. मॅनेजर झाली तेव्हाही. आपल्यातली एक काचेच्या खोलीत बसली म्हणून फौजदारीण तर नाचली. आणि मग एका मंगळवारी नोटीस बोर्डावर कागद लागला. लाँड्री बंद, कपडे बाहेरच्या कंपनीकडे धुवायला जाणार, त्रेचाळीस माणसं कमी. यादीत माझं नाव सतरावं, फौजदारिणीचं एकोणतिसावं. खाली सही तिची. एकोणीस वर्षं मी तिथे होते, तिनं मला आधी कानात सांगितलंसुद्धा नाही. मी काचेच्या खोलीत गेले. ती म्हणाली, "ताई, निर्णय माझा आहे. मशिनं संपलीत, नवी कोणी घेणार नाही. मी नाही केला तर दुसरं कोणी याहून वाईट करेल." मी म्हटलं, "मग दुसऱ्यालाच करू द्यायचा होतास." हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी तिची माफी मागितली म्हणून तुला वाटेल की तिचं बरोबर होतं. नव्हतं. तिचं आजही चुकलेलंच आहे. आणि तिनं आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही.

आम्ही गेटवर बसलो. पहिले दोन दिवस जोर होता. सहाव्या दिवसापर्यंत घोषणा शिळ्या झाल्या, उन्हानं डोकी धरली, येणारे-जाणारे आमच्याकडे बसस्टॉपच्या बाकाकडे पाहावं तसं पाहायला लागले. तेवढ्यात तिची गाडी आत गेली. फौजदारीण माझ्या शेजारी बसली होती. ती पुटपुटली, अगदी हळू, ते जुनं नाव. पुढे 'साहेब' लावून. आजूबाजूच्या चार जणी हसल्या. कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसलं होतं. आणि भोंगा माझ्या हातात होता.

मी ते नाव घेतलं. मग सगळ्यांनी घेतलं. चाळीस गळे. टाळ्यांचा ठेका आपोआप सापडला, कारण नाव छोटं होतं आणि घोषणेत चपखल बसत होतं. खरं सांगू? बरं वाटलं. सहा दिवस अंगात साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा मी त्याला ठासून सांगितलं, "हा आमचा निषेध आहे. मान मागून मिळत नसतो, द्यावा लागतो तेव्हा घेता येतो. तिनं आमचं काम काढून घेतलं, आम्ही तिला दिलेलं नाव काढून घेतलं. हिशेब चुकता." तो लिहून घेत होता आणि मला वाटत होतं, काय फर्मास बोलले! 'आम्ही तिला दिलेलं' असं मी म्हणाले, याकडे त्या दिवशी माझं लक्षच गेलं नाही. आम्ही कधी दिलं होतं? तिचं तिनं आणलं होतं. आम्ही फक्त हाक मारली होती.

व्हिडिओत पुढचं नाही. ती आतून चालत बाहेर आली. गेटच्या आतल्या बाजूला उभी राहिली, गजांना हात न लावता, आणि आम्ही दमेपर्यंत थांबली. मग म्हणाली, मला उद्देशून, फार मोठ्यानं नाही, "ताई, यादीवरची सही वाच. ज्या नावानं सही केलीय त्या नावानं शिव्या दे. तू घेतेस त्या नावाच्या माणसानं तुझं काही वाईट केलेलं नाही." आणि परत गेली. फौजदारीण ओरडली, "बघा, झोंबलं!" मीही हसले. पण ते वाक्य बुटात खडा शिरावा तसं माझ्यात शिरलं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू आरडाओरडा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू शांतपणे विचारलंस, "आई, उद्या मी तुझ्या मनाविरुद्ध काही केलं तर माझंही काढून घेशील?" मी म्हटलं, "वेड्या, तुझी गोष्ट वेगळी." तू म्हणालास, "वेगळी का? मी तुझा आहे म्हणून? म्हणजे माझं नाव हे तू दिलेलं बक्षीस आहे. नीट वागलो तर राहील." मी म्हटलं, "तू तिची बाजू घेतोस? आईच्या पोटावर पाय आला तरी?" तू म्हणालास, "मी तिच्या सहीच्या विरोधात तुझ्यासोबत गेटवर बसायला येणार होतो, आई. तिकीट काढलं होतं." आणि फोन ठेवलास.

मग काय झालं ते ऐक. मला वाटलं होतं, ते नाव आमच्या गेटपुरतं राहील. आमचं हत्यार आमच्या हातात. पण तसं होत नाही, लेका. आठवड्याभरात पार्किंगवाले ते घ्यायला लागले, ज्यांचा लाँड्रीशी काडीचा संबंध नाही. कॅन्टीनमध्ये कोणीतरी भिंतीवर लिहिलं. त्यांना आमच्या नोकऱ्यांचं काही पडलं नव्हतं. त्यांना नऊ वर्षं जे म्हणायचं होतं ते म्हणायची सोय आम्ही करून दिली होती, आणि वर त्याला आंदोलनाचा शिक्का.

चौथ्या आठवड्यात वाटाघाटी झाल्या. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला आम्ही तिघी, समोर डायरेक्टरसाहेब आणि ती. बोलता बोलता डायरेक्टरसाहेब तिच्याकडे वळले आणि त्यांनी तिला त्या जुन्या नावानं हाक मारली. मग माझ्याकडे पाहून गोड हसत म्हणाले, "तुमच्याच शब्दांत सांगायचं तर." मी वर पाहिलं. ती लिहीत होती. तिचं पेन थांबलं, आणि मग तिनं तेच अक्षर पुन्हा गिरवलं, इतकं की कागद फाटला. ती म्हणणार तरी काय, आम्हीच पायंडा पाडला होता. तो माणूस, ज्याला आम्ही सगळ्यात जास्त शिव्या घालतो, माझ्याच वाक्यावर माझ्याशी दोस्ती करत होता. आणि माझ्यानं त्याला 'असं म्हणू नका' एवढंही म्हणवलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

घरी येऊन मी बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. रागाचं काय आहे, तो खरा होता. तिच्यावर मी आजही रागावले आहे. पण मी तिच्या सहीवर रागावले होते आणि घाव भलतीकडेच घातला होता. आणि तो तिला एकटीला लागलाही नव्हता. या हॉस्पिटलात, या गावात, तुझ्यासारखी अजून किती असतील, जी आमची घोषणा ऐकून मनात म्हणाली असतील की हं, म्हणजे चांगलं वागेपर्यंतच. आपल्याकडे नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचं अंतर. मी ते टिंब पुसून टाकलं होतं.

मी तिच्या घरी गेले. रविवारी सकाळी, न सांगता. तिनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "माफी मागायला आलेय. आणि भांडायलासुद्धा." ती म्हणाली, "आधी कोणतं?" मी म्हटलं, "माफी. भांडण लांबेल." तिनं आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच बोलले. नावाबद्दल चुकलं, यादीबद्दल तुला सोडणार नाही, वाटाघाटी फिसकटल्यात तर आता कोर्टात तुझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे, हे सगळं एकाच श्वासात. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, जवळ घेईल, निदान चहा तरी विचारेल. ती म्हणाली, "साक्ष दे. तो तुझा हक्क आहे. पण ताई, माफी इथं कशाला मागतेस? इथं तू मला काही केलं नव्हतंस. गेटवर केलं होतंस." आणि दार उघडून उभी राहिली.

गेटवर माफी मागायला मला त्यानंतर सहा आठवडे लागले. रोज भोंगा हातात घ्यायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे. पाण्याचा प्रश्न, मंडपाचा प्रश्न. मागच्या बुधवारी बोलले. म्हटलं, आपण जे नाव घेतलं ते चूक होतं, सुरुवात मी केली, मी माफी मागते, आणि आता तिच्या खऱ्या नावानं घोषणा देऊया, कारण ज्या बाईनं आपल्याला काढलं तिला आपण ओळखतो आणि ती हीच आहे. मागून कोणीतरी 'फितूर' म्हणालं. सहा जणी सतरंजीवरून उठून निघून गेल्या. फौजदारीण बसून राहिली. माझ्याकडे रागानं बघत होती. मग तिनं तिच्या त्या आवाजात घोषणा दिली, खऱ्या नावानं, 'यादी मागे घ्या.' तिच्यामागे पंधरा-वीस आवाज आले. पहिल्यापेक्षा कमी होते. ठेकाही नीट बसला नाही, नाव लांब आहे. काचेच्या खोलीची खिडकी उघडी होती. ती आत होती की नाही, मला माहीत नाही. युनियनचं सेक्रेटरीपद माझ्याकडून गेलं, ते शुक्रवारीच. कोर्टाची तारीख लागली आहे. लाँड्री वाचेल असं मला वाटत नाही.

आणि परवा तुझा मेसेज आला. कोणीतरी तुला बुधवारचा व्हिडिओ पाठवला असणार. "आई, पाहिलं. मावशीलाही पाठवला. शनिवारी येतोय." तो वाचून मी या घरात एकटीच टाळ्या वाजवल्या, खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली. आणि तासाभरात पुन्हा कागद-पेन घेऊन बसले, कारण तू ज्या आईकडे येतो आहेस ती आई पूर्ण खरी नाही. तू फोन ठेवलास त्या संध्याकाळी पुढे काय झालं ते मी वर लिहिलं नाही. चारही पत्रं त्यासाठीच लिहायला घेतली आणि प्रत्येक वेळी तिथे येऊन उठले. तू फोन ठेवलास, आणि मी त्या बंद फोनवर ओरडले. तुझ्यावर. तुझ्या जुन्या नावानं. एकदा नाही, दोनदा. सात वर्षांत चारचौघांत एकदाही चुकले नाही म्हणून मी मिरवत होते, पण ते नाव जिभेच्या मागे तसंच तयार बसलं होतं, राग येण्याची वाट बघत. गेटवर तिचं इतक्या सहज आलं ते त्यामुळेच. तू विचारलंस, माझंही काढून घेशील का, आणि तुझा प्रश्न संपून पाच मिनिटंही झाली नव्हती तेव्हा मी ते काढून घेतलं होतं. कोणी ऐकलं नाही. तिनं ऐकलं होतं म्हणून तिची माफी मागावीच लागली. तू ऐकलं नाहीस, म्हणून मला गप्प बसता आलं असतं. शनिवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आज दुपारीच टाकते आहे. वाच, आणि मग यायचं की नाही ते ठरव. नाही आलास तर मी रागावेन, ते तर होणारच, पण तो राग तुझ्याच नावानं करीन. आता लिफाफ्यावर ते लिहिते आहे, पूर्ण, ठळक अक्षरात.

रागावले तरी तुझीच,
आई